लक्ष चार मीटरवर

“लक्ष कुठंय तुझं?” हा प्रश्न मराठी आईबापांनी पोरांना पिढ्यान्‌पिढ्या विचारला, पण उत्तर मिळावं अशी अपेक्षा कुणाचीच नव्हती. मुळात तो प्रश्न नव्हताच, पाठीत बसणाऱ्या धपाट्याची ती प्रस्तावना होती. त्यामुळे सांगलीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका हॉलमध्ये अभिनंदन मगदूमनं आपल्या मुलीला तो विचारला आणि खरोखर उत्तर आलं, तेव्हा बापलेक दोघंही दचकले.

“लक्ष चार मीटरवर,” टेबलावरची डबी म्हणाली. “मागे. डावीकडे.”

आवाज बाईचा होता. ही बाई जन्मात कधी कुणावर चिडली नसावी.

तीर्था चौथीत होती. पुढ्यात भागाकार होता. डोळे भागाकारावर, पेन्सिलचं टोक भागाकारावर, जिभेचं टोकसुद्धा बाहेर येऊन भागाकाराकडंच बघत होतं. फक्त कपाळावरून दोन्ही कानांमागं गेलेली निळी पट्टी वेगळं सांगत होती.

“चार मीटरवर काय आहे गं?” अभिनंदननं विचारलं.

“स्वयंपाकघर,” तीर्था म्हणाली. भूगोल तिचा चांगला होता.

पट्टीचं नाव ‘लक्षवेधी’. त्यामागचं विज्ञान आपल्या डोक्याला दोन्ही बाजूंनी चिकटलेलं असतं. कुत्रा आवाजाकडं कान टवकारतो, मांजर टवकारतं, गाढव तर दोन कान दोन दिशांना टवकारून दोन भानगडी एकदम ऐकतं. माणसाचे कान हलायचे बंद झाले त्याला लाखो वर्षं झाली. पण कान हलवणारे स्नायू गेले नाहीत. ते अजून कानाभोवती बसून आहेत, आणि त्यांना बदलीचा आदेश मिळालेलाच नाही. आपलं मन ज्या आवाजाकडं जातं, त्या बाजूचा स्नायू इमानदारीनं ताणला जातो. कान जागचा हलत नाही, पण त्या ताणाची बारीकशी वीज कातडीवर उमटते. पट्टी ती वीज पकडते आणि टेबलावरच्या डबीतून दिशा सांगते. शिवाय मन जो आवाज ऐकत असतं त्याच्या चढउतारांमागं मेंदूतल्या लहरीही चालत असतात. पट्टी खोलीतले सगळे आवाज टिपून या लहरींशी ताडून बघते आणि अंतर काढते. डोळ्यांना सोंग करता येतं. पुस्तकावर डोळे लावून झोपणं ही तर आपली जुनी विद्या. कानांना मात्र सोंग जमत नाही. ‘कान टवकारणे’ हा वाक्प्रचार शेवटी शब्दशः खरा निघाला आणि एका कंपनीनं तो बाजारात आणला.

तीर्थाच्या शाळेनं पट्टी सक्तीची केली. घरच्या अभ्यासात लक्ष साठ टक्क्यांच्या वर हवं. दिवाळीपर्यंत ते वर आलं नाही, तर मुलाची रवानगी घाटाच्या पायथ्याशी, शाळेच्या ‘एकाग्रता निवासा’त. तिथं वर्षभर राहायचं आणि आईबापांनी महिन्यातून एकदा भेटायचं. शाळेच्या पत्रकात निवासाचा फोटो होता. मुलं रांगेत बसली होती आणि सगळी एकाच दिशेला बघत होती. त्या दिशेला काय होतं ते फोटोत आलं नव्हतं.

तीर्थाचं लक्ष चौतीस टक्के होतं.

“चौतीस!” अभिनंदन प्रणालीला म्हणाला. प्रणाली म्हणजे तीर्थाची आई. “मी दहावीत ढ होतो, तरी एवढा नव्हतो.”

“तू किती होतास ते मोजायचं यंत्र नव्हतं,” प्रणाली म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

अभिनंदनचा धंदा द्राक्षबागांवर ड्रोननं औषध फवारायचा. कुठल्या कोपऱ्यात कीड आहे ते शोधायचं आणि तिथंच मारायचं, अशी त्याच्या डोक्याला सवय. चार मीटरवर, मागे, डावीकडे काहीतरी वाजत होतं आणि पोरीला खेचत होतं. ते शोधून मारलं की झालं.

पहिला संशय फ्रिजवर गेला. फ्रिज घरघरतो. त्यानं तो ढकलत बाल्कनीत नेला. दुसऱ्या दिवशी दूध काढायला गेलेल्या प्रणालीच्या स्वागताला फ्रिजवर कबुतरं बसली होती. मग नळाचे वॉशर बदलले. मग मिक्सरला अभ्यासाच्या वेळेत बंदी घातली. घरात जेवण दिवसाउजेडी उरकायची पद्धत होती, त्यामुळे साडेसहाला ओट्यावर तसंही काही शिजत नसे. तरीही तीर्था तेहतीस.

भिंतीपलीकडं चौगुले आजोबा राहत. ते खाकरत. अभिनंदन त्यांच्याकडं गेला.

“आजोबा, साडेसहा ते सव्वासात तेवढं खाकरू नका.”

“खाकरा काय विचारून येतो होय रे? दार वाजवतो?”

“तीर्थाच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. नाहीतर तिला घाटात पाठवतील.”

आजोबा गंभीर झाले. त्या दिवसापासून ते साडेसहाला छत्री घेऊन खाली पार्किंगमध्ये जात आणि एका गाडीशेजारी उभं राहून मनसोक्त खाकरत. कुणी विचारलं तर म्हणत, “पोरीच्या शिक्षणासाठी करालोय.”

तीर्था एकतीस.

मग एका संध्याकाळी डबी जरा जास्तच बोलायला लागली. “लक्ष चार मीटरवर. मागे. डावीकडे.” लगेच, “लक्ष अर्ध्या मीटरवर. समोर. खाली.” परत, “लक्ष चार मीटरवर.” परत, “लक्ष अर्ध्या मीटरवर.” टेबल टेनिस बघणाऱ्याची मान जशी हलते तसं काहीतरी तीर्थाच्या कानांमागं चाललं होतं. तिची मान मात्र स्थिर, आणि भागाकारात भाज्य अजून अभाज्य असल्यासारखा अखंड.

अर्ध्या मीटरवर, समोर, खाली. अभिनंदननं बघितलं. तिथं त्याची स्वतःची मांडी होती. मांडीखाली फोन होता, आणि त्याच क्षणी फोन थरथरला.

“लक्ष अर्ध्या मीटरवर,” डबी म्हणाली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. अभिनंदन आणि प्रणाली भांडत नसत. म्हणजे तीर्थासमोर भांडत नसत. म्हणजे आवाज करून भांडत नसत. तीर्था लहान असताना एका भांडणात ती दिवाणाखाली जाऊन बसली होती आणि तिला बाहेर काढायला दोघांनाही आडवं व्हावं लागलं होतं. जमिनीवर आडवं पडूनच दोघांनी ठरवलं, आजपासून पोरीपुढं भांडायचं नाही. तेव्हापासून भांडण फोनवर होई. तो हॉलमध्ये, ती स्वयंपाकघरात, दोघांचे फोन मुके. बोटं चालत, तोंडावर सुरकुती नाही. या पद्धतीनं दोघांचं शुद्धलेखन सुधारलं. बाकी काही सुधारलं नाही.

सध्याचं भांडण इरोडचं होतं. प्रणाली हळद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. तिकडं तमिळनाडूत, इरोडला, तिला आख्खी प्रयोगशाळा हातात मिळत होती. सांगली सोडून परत हळदीकडंच. ‘इथं हळद कमी पडली का?’ असं त्यानं लिहिलं होतं. ‘इथं मी कमी पडते,’ असं तिनं लिहिलं होतं. तेव्हापासून फोन रोज साडेसहाला सुरू होत, कारण अभ्यासाच्या वेळी घर शांत असे.

अभिनंदननं फोन बाहेर काढून टेबलावर ठेवला.

“तीर्था, तुला हा ऐकू येतो?”

“हो की.”

“मांडीखाली असताना?”

“मांडीखाली तो गुर्र करतो. मम्मीचा ओट्यावर गुर्रर्र करतो. ओटा दगडाचा आहे ना, म्हणून जास्त र.”

“आणि तू ते ऐकत बसतेस?”

“बसत नाही. ऐकावं लागतं.” ती पेन्सिलनं खोडरबराला भोकं पाडायला लागली. “तुमचे मेसेज पटापट गेले की तुम्ही चिडलेले. मम्मीचा बराच वेळ आला नाही आणि मग एकदम एकच आला, की तिनं मोठं लिहिलंय. मग तुम्ही पाणी प्यायला उठता.”

अभिनंदन नेमका पाणी प्यायला उठणार होता. तो परत बसला.

“आणि कुणाचाच आला नाही तर?”

“तर मम्मी नळ सोडते.”

“भांड्यांसाठी?”

तीर्थानं बापाकडं बघितलं. एवढा मोठा माणूस, ड्रोन उडवतो, आणि याला एवढं कळू नये. “भांडी आपण जेवल्यावर लगेच घासतो, पप्पा. नळ रडण्यासाठी.”

स्वयंपाकघरात नळ चालू होता. तो बंद झाला. दारात प्रणाली आली. हात कोरडे होते.

फोन दोघांनी कपाटात ठेवले. अभिनंदनला वाटलं, कीड सापडली. तीर्था भागाकाराला बसली, घरात सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता झाली, आणि डबी म्हणाली, “लक्ष शोधत आहे.”

“काय शोधतेय?”

“लक्ष चार मीटरवर. लक्ष दोन मीटरवर. लक्ष वर. लक्ष शोधत आहे.”

आता तिला काही ऐकू येत नव्हतं म्हणून ती सगळंच ऐकत होती. आईच्या बांगडीचा आवाज, बापाचा श्वास, कपाटाच्या दाराची कुरकुर. बावीस टक्के.

शाळेतून बोलावणं आलं. हंजे बाई तीर्थाच्या वर्गशिक्षिका. शिक्षकांनाही पट्टी सक्तीची होती, त्यामुळे बाईंच्या कपाळावरही निळी पट्टी आणि टेबलावर डबी.

“बावीस म्हणजे काय, तुम्हाला कळतंय का?” बाई म्हणाल्या. “शेवटची मोजणी शुक्रवारी. घरी असताना होईल, थेट शाळेत दिसेल. त्यात साठ नाही आले तर माझ्या हातात काही नाही. घरात काही आवाज आहे का?”

“काही नाही बाई,” प्रणाली म्हणाली. “एकदम शांतता आहे.”

“कधीपासून?”

“पाच-सहा वर्षं झाली,” अभिनंदन म्हणाला.

बाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. बाहेर भडंगवाल्यानं घंटा वाजवली. “लक्ष अकरा मीटरवर. बाहेर,” बाईंची डबी म्हणाली. बाईंनी तिच्यावर डस्टर ठेवलं.

“मी सांगू का,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, “ते निवास मी बघितलंय. मुलं बाहेर येतात तेव्हा शहाण्णव टक्के असतात. हाक मारली तर वळत नाहीत.”

रिक्षात तीर्था मध्ये बसली होती. घर यायच्या जरा आधी ती म्हणाली, “मोठ्यानं भांडा की.”

“काय?”

“मोठ्यानं भांडलात तर मला ऐकत बसायला लागणार नाही. आपोआप ऐकू येईल. मग मी भागाकार करीन.”

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि मान डोलावली. विज्ञानाच्या दृष्टीनंही ते बरोबर होतं. बारीक आवाजाला कान लावावा लागतो. मोठा आवाज येतो तेव्हा स्नायू सुट्टीवर जातात.

त्या संध्याकाळी दोघं हॉलमध्ये समोरासमोर उभे राहिले. सवय गेली होती.

“कर सुरुवात,” अभिनंदन म्हणाला.

“तू कर. नेहमी तूच करतोस.”

“मी कधी केली?”

“हेच. हेच चालू दे,” तीर्था वहीतून म्हणाली.

पण पुढचं वाक्य कुणालाच सुचेना. लिहिताना सुचायचं, खोडता यायचं. शेवटी दोघांनी कपाटातून फोन काढले आणि जुनी भांडणं मोठ्यानं वाचायला घेतली.

“‘तुझ्या आईला विचार,’” प्रणालीनं वाचलं, “आणि पुढं तीन टिंबं.”

“टिंबं कशाला वाचतेस?”

“टिंबंच लागली होती मला. आणि हे काय, ‘बरं बाई’, पुढं हात जोडलेले.”

“ते मी खरंच जोडले होते.”

“मला वाटलं टोमणा आहे! त्यावर मी चार दिवस बोलले नव्हते.”

“मला वाटलं, तुला पटलं म्हणून गप्प आहेस.”

“पटलं? अभिनंदन, तू एकदा तरी विचारलंस का, मला तिथं काय करायचंय? एकदा तरी?”

“तू एकदा तरी म्हणालीस का, ‘चल’? ‘मी जाते’ म्हणालीस. ‘जाते’!”

आता कुणी वाचत नव्हतं. आवाज चढले. भिंतीपलीकडून चौगुले आजोबांनी टकटक केली. अभिनंदन ओशाळून म्हणाला, “माफ करा आजोबा, कमी करतो.”

“कमी नको,” भिंत म्हणाली, “शेवटचं नीट कळलं नाही.”

“लक्ष वहीवर,” डबी म्हणाली. “एकाहत्तर टक्के.”

दोघंही एकदम गप्प झाले. एकाहत्तर! प्रणालीनं आनंदानं अभिनंदनचा दंड धरला. किती दिवसांनी धरला ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं सोडला.

“थांबू नका,” तीर्था मान वर न करता म्हणाली. “अजून दोन राहिलेत.”

शुक्रवारपर्यंत रोज सराव झाला. भांडण दिवसाला साधारण तीन भागाकार पुरत होतं. पण अभिनंदनच्या लक्षात एक गोष्ट यायला लागली, आणि ती त्याला कुणाला सांगता येईना. पोरगी घरात राहावी म्हणून ते घर रोज थोडं थोडं खणत होते. वरवरचे विषय संपले होते. गाडी कुणी कुठं ठोकली, सासूबाई कशाला काय म्हणाल्या, सगळं वापरून झालं. आता खाली फक्त एकच राहिलं होतं, आणि ते काढलं की परत भरता येणार नव्हतं.

म्हणून शुक्रवारसाठी त्यानं विषय ठरवून ठेवला. श्रवणबेळगोळला जाताना बस कुणामुळं चुकली. जुना, दमदार, बिनधोक विषय. प्रणालीलाही तो मान्य होता.

साडेसहाला डबीवर हिरवा दिवा लागला. शाळा बघत होती.

“तू बॅगेला कुलूप शोधत बसलास,” प्रणालीनं सुरुवात केली.

“तू मला सांगितलंस, कुलूप लाव म्हणून.”

“मी सांगितलं नव्हतं.”

“होतंस.”

“लक्ष वहीवर. अडुसष्ट टक्के.”

बस चुकली, मग दुसरी मिळाली, मग तिच्यात जागा नव्हती, हे सगळं बोलून झालं. अर्धा वेळ अजून बाकी होता आणि श्रवणबेळगोळ आलंसुद्धा. अभिनंदननं पुढचा विषय शोधायला तोंड उघडलं. प्रणाली खिडकीपाशी जाऊन उभी राहिली होती.

“मी होय म्हणून कळवलंय,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “इरोडला. जूनपासून.”

अभिनंदन खिडकीकडं वळला.

“मागच्या मंगळवारी कळवलं. लिहून सांगणार होते तुला. मग फोन कपाटात गेले.”

“आणि तीर्था?”

“तेच मला ठरवता येईना. तिला घेऊन गेले तर तुझी ती जाते. ठेवून गेले तर माझी.”

“मलाही येत नाही ठरवता,” तो म्हणाला.

मग घर गप्प झालं. ही ती शांतता, जिच्यात लक्ष शोधत फिरतं. दोघांनी डबीकडं बघितलं. अभिनंदनला वाटलं, काहीतरी बोलायला हवं, मोठ्यानं, काहीही. नाहीतर आत्ता आकडा पडेल, पोरगी घाटात जाईल. आणि त्याच वेळी त्याला असंही वाटलं, की आकडा पडू दे. आत्ता, या क्षणी तिचं लक्ष आमच्याकडं वळू दे. एवढं सांगितलं आम्ही.

“लक्ष वहीवर,” डबी म्हणाली. “नव्व्याण्णव टक्के.”

पेन्सिल चालत होती. खरखर, खरखर. एक भागाकार संपला, दुसरा सुरू झाला. बाकी शून्य आली. हिरवा दिवा विझेपर्यंत तीर्थानं मान वर केली नाही. दिवा विझल्यावर डबीनं अभिनंदनाची धून वाजवली आणि सरासरी सांगितली. ती साठच्या बरीच वर होती. निवास टळलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भिंतीनंसुद्धा नाही.

“तू ऐकलंस का गं, आम्ही काय बोललो?” प्रणालीनं विचारलं.

“हो.”

“मग?”

“मग काय. कळलं.” तीर्थानं पेन्सिल दप्तरात ठेवली. “कळत नव्हतं तेव्हा ऐकावं लागत होतं. आता कळलं.”

तिनं वही बापापुढं सरकवली. अभिनंदननं गणितं तपासली. सगळी बरोबर होती. तरी तो पहिल्यापासून परत तपासायला लागला, कारण तपासून झाल्यावर काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

“तिकडं शाळेत काय बोलतात?” तीर्थानं विचारलं.

“तमिळ,” प्रणाली म्हणाली. “थोडं इंग्रजी.”

“पप्पांना तमिळ येत नाही.”

“नाही.”

“मग मी तिकडं गेले तर माझा अभ्यास कोण घेणार?”

“घेईन की मी,” अभिनंदन घाईनं म्हणाला. “रोज साडेसहाला. फोनवर घेईन.”

तीर्थाचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा हलला.

“फोनवर नको,” ती म्हणाली.

मग अभिनंदननं वही मिटली. “प्रणाली,” तो म्हणाला, “तिकडं द्राक्षं असतात का गं?”

“इरोडला? नसावीत. हळद असते. केळी असतात.”

“केळीला फवारतात काय?”

“मला काय माहीत.” ती खिडकीपासून निघाली आणि येऊन टेबलाशी बसली. “तू सांग. लागतं का फवारायला?”

“मला पण माहीत नाही,” तो म्हणाला. “विचारायला पाहिजे कुणालातरी.”

“काय रोग पडतो केळीवर?”

“पानावर ठिपके पडतात बहुतेक. वरून मारायचं झालं तर पानं मोठी, औषध खाली पोचत नाही...” त्यानं दोन्ही हात पसरून केळीचं पान दाखवलं. “ड्रोन खालून न्यावा लागेल.”

“खालून कसा नेणार?”

“तेच म्हणतोय मी.”

तीर्थाच्या कपाळावर पट्टी अजून तशीच होती. टेबलावरची डबी काहीतरी म्हणाली, पण तिघांपैकी कुणीच ते ऐकलं नाही.